आत्याबाई म्हणतील तसं

माझ्या नाकावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नवा शोध लावल्यासारखं करायला नको. बावीस वर्षं मी हायस्कूलला गणित शिकवते. गणितात उत्तर एकच असतं आणि ते मला माहीत असतं. या सवयीने माणूस कसा होतो, ते आमच्या घरच्यांना विचारा. तर अशी मी, पंचेचाळिशीत, केडगावच्या आमच्या घरात दर रविवारी दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर फासे मांडून बसायला लागले.

खेळ माझ्या मुलाचा. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं. एकाने गोष्ट सांगायची: तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, वाटेत कोण आडवं आलंय. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं, काय बोलतं ते सांगायचं. जमलं की फसलं हे वीस तोंडांचा एक फासा ठरवणार, आकडा जितका मोठा तितकं चांगलं. यात पट नाही, सोंगट्या नाहीत, कुणी जिंकत नाही की हरत नाही. गोष्ट सांगणाऱ्याला गेम मास्टर म्हणतात. लॉकडाऊनमध्ये मुलाला मित्र भेटेनात, म्हणून त्याने आम्हाला धरून बसवलं. पहिल्या दिवशी आम्ही त्याचं मन मोडायचं नाही म्हणून बसलो. तिसऱ्या दिवशी मी कुकर गॅसवर विसरले.

खेळायला आम्ही चौघं. माझे मिस्टर श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात शिफ्टला जातात आणि अंगाने अगदी काडी आहेत. त्यांनी अर्थातच पैलवान घेतला. शेजारचे काका एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, त्यांनी तिरंदाज घेतला. टोळी पुढच्या मुक्कामाला निघाली की ते आधी डोकी मोजायचे आणि मग 'डबल बेल!' असं ओरडायचे. माझ्या धाकट्या बहिणीने खोजी घेतली, म्हणजे पायाच्या ठशांवरून माग काढणारी बाई. आणि मी घेतल्या आत्याबाई.

आत्याबाई सत्तरीच्या. झाडपाल्याचं औषध करणाऱ्या, कमरेत वाकलेल्या, जिभेला धार असलेल्या. बोलणं आमच्या आजोळच्या गावातलं. शाळेत मी जे शुद्ध बोलते ते बोलून माझे जबडे दुखत असावेत, कारण आत्याबाईंच्या तोंडून 'न्हाई म्हंजे न्हाई' म्हटलं की मला फार बरं वाटायचं. त्यांचा इतका लळा लागला की पेपर तपासतानाही एखाद्या पोराचं उत्तर पाहून 'आरं लेका' असं तोंडातून निघायचं.

मग मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. पुणं काही लांब नाही, असं सगळे मला सांगत होते. ज्याचा मुलगा गेलेला नसतो तोच हे सांगतो. त्याच्या खोलीचं दार मी बंद ठेवायला लागले. खेळ तिथेच संपला असता, पण दुसऱ्या रविवारी चारच्या ठोक्याला काका दारात उभे. "मास्टर गेला म्हून गाडी डेपोत लावायची व्हय?" ते म्हणाले. मग मास्टर मीच झाले. त्याच्या गोष्टीतले बर्फातले किल्ले आणि परदेशी सराया मी काढून टाकल्या आणि आमच्याकडचे उघडेबोडके डोंगर, जुन्या बारवा आणि रस्त्यावरचे धाबे आणले. एका बारवेच्या तळाशी बैलाएवढी घोरपड ठेवली. सगळे खूश झाले.

अडचण एकच होती. मी गोष्ट सांगणार, तर आत्याबाई कोण चालवणार? नियमाने गोष्टीतली उरलेली सगळी पात्रं मास्टरच्याच हातात असतात, चोर, दुकानदार, भुतंखेतं सगळी. टोळीबरोबर चालणारं एखादं पात्रही तो ठेवू शकतो. कुणाच्या जखमेला पट्टी बांधायची असते, कुणाचं ओझं उचलायचं असतं. "औषध करणारं कुणीतरी नको का बरोबर?" असं कारण मी सगळ्यांना दिलं. खरं कारण हे की आत्याबाईंना सोडून द्यायला माझं मन तयार होईना. एक माणूस घरातून गेलं होतं तेवढं पुरे होतं.

नियमांच्या पुस्तकात लिहिलंय की असं पात्र आपलं सोबतीला असतं, त्याने फार मध्ये येऊ नये. ज्याने ते लिहिलं त्याला आमच्याकडची माणसं ठाऊक नव्हती. आमच्याकडे लग्नाची बोलणी असोत की भावकीतली बैठक, आधी वयाने मोठं कोण ते बघतात आणि त्याला विचारतात. त्याने तोंड उघडलं की बाकीच्यांनी माना हलवायच्या, आणि मनात काही वेगळं असेल तर ते घरी जाऊन बायकोला सांगायचं. मी टोळीत सत्तरीची बाई ठेवली, आणि पहिल्याच रविवारी पैलवानाने हात जोडून विचारलं, "आत्याबाई, तुमचं काय म्हणणं आहे?" हे विचारणारा माणूस माझा नवरा. हॉलला कुठला रंग द्यायचा, हे त्याने मला कधी विचारलं नव्हतं. काकांचा तिरंदाज पाण्याची पखाल आधी आत्याबाईंच्या पुढे करायचा. डोंगर चढताना "आत्याबाईंना दम खाऊ द्या" म्हणून सगळी टोळी थांबायची.

शिवाय आत्याबाई कधी चुकायच्या नाहीत. कशा चुकतील? दाराआड काय आहे ते मीच ठरवलेलं असायचं. 'आत्याबाई म्हणतील तसं' हे आमच्या टेबलावरचं परवलीचं वाक्य झालं. आणि कबूल करते, मला ते आवडत होतं.

आता बहिणीबद्दल सांगते. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चार वर्षांपूर्वी लग्न मोडून ती आमच्याकडे आली, म्हणजे मी जाऊन तिला घेऊन आले. त्याआधी लॅब टेक्निशियनचा कोर्स मीच तिला करायला लावला होता, तिचं कॉलेज मी ठरवलं, तिच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा मी पसंत केली. तिचं सगळं मी बघते, असं मी चारचौघांत सांगायचे. ती कशालाही "तू म्हणशील तसं, ताई" म्हणायची, आणि मला वाटायचं, किती शहाणी आहे.

खेळात मात्र ती आम्हा सगळ्यांपेक्षा हुशार होती. एका रविवारी टोळी बारवेतल्या भुयारात शिरली आणि वाट दोन्हीकडे फुटली. बहिणीने फासा टाकला, एकोणीस पडले. तिने कागदावर काहीतरी भराभर लिहिलं आणि म्हणाली, "डावीकडे ओले ठसे आहेत. अनवाणी माणूस, एक पाय ओढत गेलाय. त्याला मदत लागणार. आपण डावीकडे जायचं." तिचा असा आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. पण मी तयारी केली होती ती उजवीकडची. तिकडे माझी घोरपड बसली होती. मग आत्याबाई म्हणाल्या, "उजवीकडनं वारं येतंय. उजवीकडं चला." काका म्हणाले, "डबल बेल!" आणि टोळी उजवीकडे गेली. बहिणीने खोडरबर घेतलं आणि लिहिलेलं पुसून टाकलं. मी ते पाहिलं, आणि गोष्ट पुढे नेली.

त्याच आठवड्यात तिला श्रीरामपूरच्या एका दवाखान्याच्या लॅबमधून निरोप आला. तिने अर्ज कधी केला, मुलाखत फोनवर कधी दिली, मला पत्ता नव्हता. राहायला खोली होती. महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. तिने मोबाईल माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "तुझं तू ठरव." आणि त्याच दमात म्हटलं की श्रीरामपूर रोज जाऊन-येऊन करायचं गाव नाही, एकटीने खोलीवर राहायची तुला सवय नाही, पुन्हा काही झालं तर कोण आहे तिथे, आणि इथे केडगावात मी दोघा डॉक्टरांना ओळखते, बघते काहीतरी. तिने मोबाईलची स्क्रीन बंद केली आणि म्हणाली, "तू म्हणशील तसं, ताई."

मला वाटलं, सुटला प्रश्न. आत कुठेतरी टोचत होतं, नाही असं नाही. मुलाची खोली रिकामी झाल्यावर संध्याकाळी दार उघडलं की घरात बहीण असायची, एवढाच मला आधार होता. तीही गेली तर मी काय करायचं, ही खरी भीती होती. पण स्वतःची भीती दुसऱ्याच्या काळजीत गुंडाळून द्यायला मी चांगलीच सरावले होते.

बुधवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला. मी त्याला घोरपडीची हकिगत मोठ्या अभिमानाने सांगितली. सगळं ऐकून तो म्हणाला, "पण मावशीने डावीकडे म्हटलं होतं ना? एकोणीस पडले होते ना?"

"म्हटलं होतं. पण आत्याबाई..."

"आई, आत्याबाई म्हणजे तूच. पेपर तू काढतेस आणि फळ्यावर उत्तरंही तूच लिहितेस. मग वर्गाने काय करायचं?"

मी फोन ठेवून दिला. त्या दिवशीच्या भाकऱ्या मी अशा थापल्या की शेजारून काकूंनी विचारलं, सगळं ठीक आहे ना. तासाभराने मुलाचा मेसेज आला: रागावू नकोस. आत्याबाईंना गप्प बसव, नाहीतर एकदा चुकू दे, नाहीतर सरळ दुसऱ्या कुणाला चालवायला दे. मी उत्तर दिलं नाही. पण श्रीरामपूरला कळवायच्या सोमवारआधी अजून तीन रविवार होते, आणि वर्गाने काय करायचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

पहिल्या रविवारी मी आत्याबाईंची वाचा घालवली. भुयारातली कसलीशी विषारी हवा लागली, असं सांगितलं. आता म्हटलं, ठरवा तुमचं तुम्ही. तर तिघंही टक लावून माझ्याकडे बघत बसले. "आत्याबाई खुणावतायत का काही?" मिस्टरांनी विचारलं. तेवढ्यात मला मानेवर डास चावला आणि मी डाव्या हाताने मान खाजवली. "डावीकडं दावलं!" काका ओरडले. "डबल बेल!" मी कपाळाला हात लावला, तर त्याचाही त्यांनी अर्थ लावला.

दुसऱ्या रविवारी मी आत्याबाईंना बोलतं केलं आणि मुद्दाम चुकवलं. "हितनं सरळ चला, काय भ्याचं न्हाई," असं म्हणून त्यांनी टोळीला नेऊन सरळ खड्ड्यात घातलं. पैलवानाचा पाय मोडला. तिरंदाजाचे सगळे बाण तुटले. मी वाट बघत होते, आता तरी कुणी चिडेल.

"आत्याबाई, तुम्हाला लागलं नाही ना?" पाय मोडलेल्या पैलवानाने विचारलं.

"चूक आमची हाय," काका म्हणाले. "अंधारात मोट्या मानसाला पुढं घालाया नको हुतं."

मी खेळ सोडून ओरडले. "अहो, त्या चुकल्या! म्हणा की, आत्याबाई चुकल्या!"

"असं कसं म्हणायचं?" मिस्टर म्हणाले.

"का? त्या खऱ्या आहेत का?"

"खऱ्या नसल्या म्हणून काय झालं? वयाने मोठ्या आहेत."

बहीण खाली बघून हसत होती. मग तिने वर पाहिलं आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं, मी भांडले असते. पण तो राग नव्हता. माझी चाललेली धडपड तिला दिसत होती आणि तिला माझी कीव येत होती.

तिसरा रविवार हा शेवटचा, कारण दुसऱ्या दिवशी सोमवार. मी आत्याबाईंची माहिती लिहिलेला कागद टेबलाच्या मधोमध सरकवला आणि म्हटलं, "आजपासून मी फक्त गोष्ट सांगणार. यांना कुणीतरी घ्या." मिस्टरांनी हात मागे घेतले. काका म्हणाले, "मला न्हाई जमनार. मोट्या बाईमानसाचं त्वांड मी कसं व्हनार?" 

"दे," बहीण म्हणाली. "मी घेते."

"आणि तुझी खोजी?"

"दोघींना चालवते."

मी गोष्ट सुरू केली. टोळी भुयाराच्या टोकाला आली आहे. समोर भिंतीत एक भोक, एका माणसाने सरपटत जाण्याएवढं. पलीकडून पाण्याचा आवाज. डाव्या वाटेवरचे ते ओले ठसे फिरून इथपर्यंत आलेत आणि आत गेलेत. कमरेला बांधलेला दोर पुढे पुरणार नाही, तो सोडूनच जावं लागेल. पैलवान मावणार नाही. काय करणार?

"आत्याबाई म्हणतील तसं," मिस्टर म्हणाले, आणि सवयीने माझ्याकडे वळले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते बहिणीकडे वळले. काकाही वळले.

बहिणीने आत्याबाईंचा कागद पुढे ओढला. पाठीत जराशी वाकली. आणि तिच्या तोंडून आत्याबाई बोलल्या, माझ्यापेक्षा शंभर पटींनी खऱ्या.

"माज्याकडं काय बगता? आत काय हाय, ते मला तरी कुटं ठावं हाय?"

 खरंच होतं की. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आत्याबाईंना पुढचं काही माहीत नव्हतं.

"मी म्हातारी बाई," त्या पुढे म्हणाल्या. "मला एकटीला भ्या वाटतं. म्हून मी समद्यास्नी माज्या शेजारी बसवून घेते. आन वर म्हनते, हे तुमच्याच भल्याचं हाय."

माझ्या हातात फासा होता. तो मी इतका घट्ट धरला की त्याच्या कडा तळहातात रुतल्या. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चटकन खिडकीबाहेर बघायला लागले. तीस वर्षं एसटीत काढलेल्या माणसाला, कुठे बघू नये ते कळतं.

बहीण आपल्याच दुसऱ्या कागदाकडे वळली, खोजीच्या. "पोरी," आत्याबाई म्हणाल्या, आणि आवाज एकदम मऊ झाला, "ठसं तू वाचलंस. तुला जावंसं वाटतंय न्हवं? मग जा. मागं वळून माझं त्वांड बगू नगंस. मी हितंच हाय. माझं मी बगते. आगं, मला जमतंय."

हे मी म्हणायला हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मोबाईल माझ्यापुढे धरलेला असताना मी एवढंच म्हणायला हवं होतं, आणि शेवटी तिला ते माझ्या वतीने स्वतःच म्हणावं लागलं, तेही माझ्याच पात्राच्या तोंडून. माझे डोळे भरले. रागाने की कशाने, ते तेव्हा मला कळलं नाही.

बहीण ताठ बसली आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "खोजी दोर सोडते आणि आत शिरते."

तिने माझ्या मुठीतून फासा सोडवून घेतला आणि टाकला. सात पडले. सात म्हणजे काही फार नाही. एरवी आत्याबाईंनी काहीतरी मंत्र घातला असता आणि सातचे बारा केले असते. मी म्हटलं, "दगड टोकेरी आहेत. कोपरं सोलतात, गुडघा फुटतो. मध्येच अडकतेस, श्वास कोंडतो. पण पोचतेस."

"पलीकडे काय आहे?" मिस्टरांनी विचारलं. पैलवान अलीकडेच अडकला होता, तरी खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

पलीकडचं मी काहीच ठरवलं नव्हतं. कुणी तिकडे जाईल असं मला वाटलंच नव्हतं. बावीस वर्षांत वर्गासमोर जे कधी म्हटलं नाही ते मी म्हटलं. "मला माहीत नाही." मग बहिणीला म्हटलं, "तू सांग. तू आहेस तिथे."

 ती सांगायला लागली. वरून उजेड येतोय. पाणी वाहतंय, घोट्याएवढंच. काठावर तो पाय ओढणारा माणूस बसलाय, आणि तो घाबरलेला नाही, तो फक्त दमलाय. त्याच्या पायात काटा आहे. खोजी त्याच्यासमोर बसते आणि त्याचा पाय मांडीवर घेते. ती सांगत होती आणि आम्ही तिघं ऐकत होतो. काकांनी डबल बेल दिली नाही. बेलची गरज नव्हती, खोजी निघूनच गेली होती.

सगळे उठल्यावर बहीण कप धुवायला उभी राहिली आणि मी पुसायला. खिडकीतून अजून ऊन येत होतं. नळ सुरूच ठेवून ती म्हणाली, "ताई, उद्या मी श्रीरामपूरला हो कळवतेय."

आणि माझी जीभ पाहा. एवढं सगळं झाल्यावरसुद्धा तिच्यावरून पहिलं वाक्य सरकलं ते हे: "कुणाला विचारलंस?"

तिने नळ बंद केला.

"आत्याबाईंना," ती म्हणाली.

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. बराच वेळ मी तोच एक कप पुसत राहिले. मग काहीतरी उपयोगाचं बोलावं म्हणून म्हटलं, "मोठी बॅग माळ्यावर आहे. ह्यांना सांगते काढायला."

"काढलीय," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. चेन बिघडली होती, तीपण बदलून आणलीय."